तिसऱ्या अंकात माझं काम नव्हतं

मार्गशीर्ष अर्धा सरला की मुलुंडच्या दुपारी कोरड्या होतात. ओठ फुटायला लागतात, दोरीवरचे कपडे तासाभरात कडकडीत वाळतात आणि वारा खाडीकडून फिरला की मिठागराचा खारट, चिखलट वास सातव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून बिनदिक्कत घरात येतो. याच सुमाराला आमच्या सोसायटीत नाटकाच्या तालमी सुरू होतात. यंदा मंडळींनी मलाही बोलावलं. "आजी, तुम्ही पूर्वी नाटकात कामं करायचात ना? मग नुसत्या बसा आमच्यात," असं म्हणत एका मुलीनं माझ्या हातात नाटकाची झेरॉक्स ठेवली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अख्खं नाटक, कोपऱ्याला पिन मारलेलं. जिला सबंध नाटकात एकच वाक्य होतं तिच्याकडेही तेवढीच जाडजूड प्रत होती. मी चष्मा लावला आणि आधी तिसरा अंक उघडला. माझी ही जुनी खोड आहे, आणि ती कुठून लागली ते त्या मुलांना सांगत बसायला मला जमलं नाही.

आमच्या वेळी नाटकाचं पुस्तक एकच असे आणि ते बसवणाऱ्याच्या काखेत असे. बाकीच्यांना मिळायची ती नक्कल. म्हणजे एका चाळीसपानी वहीत आपल्या पात्राची तेवढी वाक्यं उतरवून घ्यायची आणि प्रत्येक वाक्याच्या वर, समोरचा जे बोलणार त्यातले शेवटचे दोन-तीन शब्द लिहून ठेवायचे. ते शब्द कानावर पडले की आपण तोंड उघडायचं. राजाच्या वहीत राजा, दासीच्या वहीत दासी. आपण रंगमंचावर नसताना तिथे काय चालतं ते तालमीत बसून ऐकलं तर कळणार, नाहीतर नाही. पण त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कागद महाग, हातानं लिहायचं, आणि नाटक सगळ्यांना आधीच माहीत असायचं.

माझी वही निळ्या पुठ्ठ्याची होती. वर मास्तरांच्या अक्षरात 'राणी' असं लिहिलेलं. पेठे मास्तर शाळेत मराठी शिकवायचे आणि दर हिवाळ्यात आमच्या हौशी मंडळाचं नाटक बसवायचे. त्यांचं अक्षर इतकं देखणं की त्यांनी वाण्याची यादी लिहिली तरी फ्रेम करावीशी वाटे. मी एकोणीस वर्षांची होते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. नाटकात मुलींनी काम करायला घरचे तयार होतील अशी तेव्हा आमच्या बाजूला दोनच घरं होती, आमचं आणि दोन दारं सोडून राहणाऱ्या कुसुमचं. त्यामुळे राणी मी आणि दासी कुसुम हे दरवर्षी ठरलेलंच. कुसुमला त्याचं वाईट वाटत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नाही. सुंदर मुलींना आणि राणीचं काम करणाऱ्यांना असल्या गोष्टी सुचत नाहीत, आणि मी दोन्हींतली स्वतःला समजत होते.

नाटकाचं नाव मी सांगणार नाही. आमच्या आजोबांच्या पिढीनं ते डोक्यावर घेतलं होतं, आता ते कुणी करत नाही. गोष्ट साधी. समुद्रकाठचं एक राज्य, त्याला शत्रूचा वेढा. शत्रू म्हणतो, तुमचं बंदर आम्हाला द्या, बाकीचं राज्य सुखानं करा. ते बंदर म्हणजे राणीचं माहेर. बंदर द्यायचं तर कागदावर राजाचा शिक्का हवा, आणि शिक्का असतो राणीच्या ताब्यात. तिसऱ्या अंकात तो नाहीसा होतो. कारभाऱ्यानं तो चोरलेला असतो, बंदर परस्पर विकायला. चौथ्या अंकात राजा भर दरबारात राणीला विचारतो, "शिक्का कुठं आहे?" राणीला चोर कोण ते ठाऊक आहे. पण अर्धं सैन्य कारभाऱ्याच्या शब्दावर लढतंय. वेढा पडलेला असताना त्याचं नाव घेतलं तर सैन्य फुटेल आणि सगळंच जाईल. म्हणून ती एवढंच म्हणते, "महाराज, हा प्रश्न वेढा उठल्यावर विचारा," आणि गप्प होते. राजा तिला फितूर ठरवून देहान्त शिक्षा देतो. पाचव्या अंकात त्याला खरं कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

आजोबांच्या पिढीनं ते नाटक पाहिलं तेव्हा कारभाऱ्याच्या तोंडावर त्यांना इंग्रजांचे मिंधे दिसले. आम्हाला त्यात दुसरंच दिसत होतं. द्वैभाषिक राज्य नुकतंच आलं होतं, निवडणुका तोंडावर होत्या आणि मुंबई कुणाची या प्रश्नावरून घराघरांत भांडी आपटत होती. आमचं मुलुंड तेव्हा अजून महापालिकेतही नव्हतं, तरी मुंबईवर जीव टाकण्यात ते कुणाला हार गेलं नसतं. नाटकात कुणी 'बंदर' म्हटलं की समोर बसलेला प्रत्येक माणूस 'मुंबई' ऐकणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मास्तरांनी मुद्दामच हे नाटक निवडलं होतं. "बघ शालिनी," ते म्हणाले होते, "आपल्याला भाषण करायचं नाही. जुनं नाटक जसंच्या तसं करायचं. लोक काय ते समजतील."

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, मला परवानगी दिली ती याच कारणासाठी. अण्णा फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. आवाज चढवून बोललेलं मला आठवत नाही. पण मुंबईसाठीच्या चळवळीत सत्याग्रहाला गेले आणि तीन आठवडे तुरुंगात राहून आले. आल्यावर पुन्हा तसेच डबा घेऊन कचेरीत. मी राणीचं काम करणार म्हटल्यावर ते नुसते हसले आणि म्हणाले, "मान ताठ ठेव म्हणजे झालं."

शाळेच्या मागच्या वर्गात दुपारी आमच्या तालमी चालत. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर सकाळचं गणित तसंच. खिडकीबाहेर बोरीचं झाड होतं. मास्तर मला एकटीला बसवून घेऊन चौथा अंक शिकवायचे. गप्प कसं राहायचं ते त्यांनी मला महिनाभर शिकवलं. "रडू नकोस. रडलीस की दरबाराला तुझी दया येईल, आणि राणीला दया नकोय. राजाकडे बघ, पण त्याच्या डोळ्यांत नको, कपाळावर. श्वास मोजत उभी राहा. हे मौन म्हणजे तिचं सगळ्यात मोठं वाक्य आहे." मग ते कारभाऱ्याबद्दल बोलायचे. "तो दुष्ट आहे असं धरून चालू नकोस हं. त्याला मनापासून वाटतं की एक बंदर गेलं तर बिघडत नाही, उरलेलं राज्य तर वाचतं. अशा माणसांना रात्री शांत झोप लागते. म्हणून ती भयंकर."

मी ते सगळं प्यायले. अजूनही कुठलं नाटक वाचायला घेतलं की मी मास्तरांच्याच डोळ्यांनी वाचते, आणि याचा मला जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. शिकवलेलं परत करता येत नाही.

कारभाऱ्याचं काम दळवी करत. विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर उभे राहायचे, पाळी सुटली की थेट तालमीला. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं असायचं. तिसऱ्या अंकात तटावर एकटा कारभारी कमरेचा शिक्का काढून चांदण्यात धरतो आणि स्वतःशी बोलतो, ते स्वगत दळवी म्हणायला लागले की आम्ही चहाचे कप खाली ठेवायचो. बोलता बोलता ते आवाज इतका मऊ करत की ऐकणाऱ्याला वाटावं, बरोबरच आहे याचं, देऊन टाकावं बंदर. त्या एका स्वगतावर माझी राणी उभी होती. प्रेक्षकांनी ते ऐकलेलं असलं तरच चौथ्या अंकातलं माझं गप्प राहणं त्यांना कळणार होतं.

प्रयोगाला आठ दिवस राहिले तेव्हा मास्तर म्हणाले, "शालिनी, तिसऱ्या अंकात तुझं काम नाही. तू उगाच बसून राहतेस. घरी जात जा, आवाजाला विसावा दे. खडीसाखर चघळ." मला काय वाटलं असेल? मी हरखून गेले. एवढ्या गडबडीत मास्तरांना माझ्या घशाची काळजी. आईला मी हे दोनदा सांगितलं. त्या आठवड्यात मी दुपारी अंगणात ऊन खात बसायचे, तोंडात खडीसाखर आणि मांडीवर निळी वही. रंगीत तालीमही आम्ही वेळ नाही म्हणून तिसरा आणि पाचवा अंक गाळूनच केली. कुसुम त्या दिवसांत उशिरा घरी यायची आणि माझ्याशी फारसं बोलायची नाही. मला वाटलं दमते बिचारी.

प्रयोग रविवारी दुपारी चारला होता. दिवस उतरल्यावर गर्दी जमवायला त्या वर्षी परवानगी मिळायची मारामार होती. एका बड्या पुढाऱ्यानं आपल्या मैदानावर मांडव घालून दिला होता. ते गृहस्थ सत्तेतल्या पक्षाचे, आणि निवडणुकीला उभे राहणार असं सगळीकडे बोललं जात होतं. समारंभाचे अध्यक्षही तेच. मला त्यात गंमतच वाटली. म्हटलं, बसा समोर आणि ऐका स्वतःचीच गोष्ट. रंगपट मैदानापलीकडच्या शाळेत होता. दुसरा अंक संपवून मी तिकडे गेले, भरजरी शालू सोडला आणि चौथ्या अंकाची पांढरी नऊवारी नेसायला घेतली. आरशासमोर उभं राहून मी श्वास मोजत होते. मांडवातून लोकांचा गलका ऐकू येत होता. दळवींचं स्वगत रंगलेलं दिसतंय असं मी मला साडी नेसवणाऱ्या बाईंना म्हटलंसुद्धा.

चौथा अंक. राजाचं काम करणाऱ्या टिपणीसांनी विचारलं, "शिक्का कुठं आहे?" मी माझं वाक्य म्हटलं आणि गप्प झाले. राजाच्या कपाळावर नजर. मान ताठ. आणि मांडव उठला. आधी कुजबुज, मग शीळ, मग मागून एक आवाज, "फितूर!" लगेच दुसरा, तिसरा. अख्खा मांडव तो शब्द आपटत होता. कारभारी माझ्या हाताभर अंतरावर उभा होता, तेव्हा शिव्या कुणाला आहेत याबद्दल मला शंका यायचं कारणच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. लोकांना कळलं, मास्तर म्हणाले तसंच झालं. संत्र्याची एक साल भिरभिरत आली आणि माझ्या निऱ्यांवर पडली. मला वाटलं, बिचाऱ्याचा नेम चुकला. मी राणीच्या तोऱ्यात पायाच्या अंगठ्यानं ती साल दळवींकडे सारली. दळवींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. काय सुंदर अभिनय करतोय हा माणूस, असं मी मनात म्हटलं.

इतका आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही. हे मी गमतीनं लिहीत नाही.

घरी येताना अण्णा आमच्या पुढे दहा पावलं चालत होते. घरात शिरल्यावर अण्णांनी टोपी खुंटीला लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "असलं काम तू पत्करलंस कसं?"

"असलं म्हणजे कसलं? लोक कसे पेटले होते बघितलंत ना कारभाऱ्यावर?"

"कारभाऱ्यावर?" अण्णांनी आता माझ्याकडे पाहिलं. "शिक्का तू तुझ्या भावाच्या छावणीत पाठवलास. बंदर राज्यापासून तोडून माहेरच्यांना द्यायला."

"काहीतरीच काय अण्णा. कारभारी चोरतो तो. तिसऱ्या अंकात तटावर उभा राहून सांगत नाही का?"

"तट नव्हता आणि स्वगतही नव्हतं. मी तिसऱ्या रांगेत होतो. कुसुम आली. दासी म्हणून. छातीवर हात ठेवून म्हणाली, राणीसाहेबांनी शिक्का माझ्याच हाती पाठवला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं." मग म्हणाले, "पाचवा अंक झालाच नाही, तुझ्या शिक्षेवरच पडदा पाडला. मग अध्यक्ष बोलले, तू रंगपटात होतीस. म्हणाले, आपापल्या माहेराचा हट्ट धरणारे राज्य कसं बुडवतात ते या मुलीनं फार छान दाखवलं. तुझं नाव घेऊन बोलले."

माझ्या वाक्यांतला एक शब्द कुणी बदलला नव्हता. माझी वही जशीच्या तशी होती. मी अगदी मास्तरांनी शिकवल्याबरहुकूम गप्प राहिले होते, आणि जितकी ताठ राहिले तितकी निगरगट्ट दिसले.

त्यानंतर मी पुष्कळ नाटकं वाचली, त्यांवर लिहिलं, चार पोरींना शिकवलंही. पात्र कसं घडतं हे सांगणारी पुस्तकं असतात. ती म्हणतात, पात्र त्याच्या बोलण्यातून घडतं, कृतीतून घडतं. मला एकोणिसाव्या वर्षीच कळलं की ते तसं नाही. आपण रंगपटात साडी नेसत असतो तेव्हा बाहेर कुणीतरी चार वाक्यं बोलतं, त्यातून आपण घडतो. मग आत जाऊन काहीही बोला. राजकारणाचंही तेच असावं. कुणाला फितूर ठरवायचं तर त्याच्या तोंडी काही घालावं लागत नाही, त्याच्या आधी बोलणाऱ्याला दोन ओळी दिल्या की काम होतं.

सकाळी उठून मी आधी कुसुमकडे गेले. ती मोरीपाशी भांडी घासत होती. मी म्हटलं, "वही दाखव." तिनं राखेचे हात तसेच पुसले आणि वही आणून दिली. तिसऱ्या अंकाच्या जागी एक कागद चिकटवलेला होता. त्यावर ते देखणं अक्षर.

"मास्तरांनी शपथ घातली गं," ती म्हणाली. "म्हणाले शालूला कळलं तर नाटकाची वाट लागेल."

"आणि तू घेतलीस शपथ."

"मला पहिल्यांदाच एवढं बोलायला मिळालं, शाले." आणि ती ढसाढसा रडायला लागली. मी तशीच निघाले.

दळवी रस्त्यातच भेटले. रात्रपाळी करून परत येत होते. मला बघून सायकलवरून उतरले. "तुका कोणी सांगूक नाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "माका वाटला तुका म्हायत आसा. तू ती साल माझ्याकडे सारलंस ना, तेव्हा समाजलंय." मग म्हणाले, "मास्तरांनी माझा स्वगत काढल्यानी. मी काय करतलंय? पोलिसांनी काढला म्हणान सांगतत. पण परवानगी आणूक मीच गेललंय त्यांच्यावांगडा. पोलिसांनी एक ओळ खोडूक नाय. तसाच शिक्को मारून दिल्यानी."

म्हणजे कुणी मागितलंही नव्हतं. मास्तरांनी आपणहून दिलं होतं.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. ते वर्गात एकटेच वह्या तपासत होते. हात खडूनं पांढरे. मला पाहून दचकले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

"स्वगत गाळलंत ते एक वेळ मी समजू शकते," मी म्हटलं. "भीती वाटली असेल. पण दासीची वाक्यं जोडली कुणी?"

"नुसतं गाळलं असतं तर शिक्का चोरला कुणी हे लोकांना कळलं नसतं. नाटकाला भोक पडलं असतं." ते समजावणीच्या सुरात बोलत होते, गणित चुकलेल्या मुलाशी बोलावं तसं. "मैदान त्यांचं, मांडव त्यांचा. त्यांनी संहिता वाचायला मागवली असती तर प्रयोगच झाला नसता. तिसरा बदलला, पाचवा सोडला, पण बाकीचे तीन अंक तर वाचले ना?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सांगितलं असतं तर तू ती अपराधी म्हणून केली असतीस. चोरटी नजर, घाबरलेली. तशी राणी कुणीही करतं. मला ती तशीच स्वच्छ हवी होती. तुझ्या चेहऱ्यावर काल जे होतं ना शालिनी, ते मी वीस वर्षांत कुठल्या नटीच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. म्हणून तर लोक इतके चिडले."

आणि मला, ते ऐकताना, एक क्षण बरं वाटलं. वीस वर्षांत पाहिलं नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते, पण वाटलं होतं ते वाटलं होतं. दुसऱ्या क्षणी त्यांच्याच शिकवणीतला कारभारी माझ्यासमोर खुर्चीवर बसलेला दिसला, मऊ आवाजाचा, मनापासून वाटणारा. त्यांना काल रात्री शांत झोप लागली होती हे त्यांच्या डोळ्यांकडे बघूनच कळत होतं.

"पंधरा दिवसांनी घाटकोपरला प्रयोग आहे," ते म्हणाले. "आता तुला सगळं माहीत आहे. करशील ना?"

मी हो म्हटलं.

घरात अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. मी किती वेळा सांगितलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "बरं." विश्वास ठेवत नव्हते असं नाही. पण ज्या लोकांबरोबर ते तुरुंगात बसले होते ते लोक आता रस्त्यात त्यांना भेटले की हवापाण्याच्या गोष्टी करत. त्यांच्या घरातली मुलगी त्या मांडवात उभी राहून तसं काम करते, तर माहीत नव्हतं हे कुणाकुणाला सांगत फिरणार? ताटावर बसलं की त्यांची नजर माझ्या ताटापर्यंत येई आणि तिथून मागे फिरे. मी त्यांना एकच विनंती केली. "घाटकोपरला या. एकदाच. नंतर मी नाटकाचं नाव काढणार नाही." त्यांनी पेपर पुढे ओढला.

माझा बेत ठरला होता. राजा विचारील, "शिक्का कुठं आहे?" आणि मी माझं वाक्य बोलणार नव्हते. मी हात उचलून म्हणणार होते, "कारभाऱ्याच्या कमरेला." एवढंच. पुढे नाटकाचं काहीही होवो. राणी राज्यासाठी गप्प राहिली होती. माझ्याजवळ राज्यबिज्य काही नव्हतं, एक बाप होता.

कुसुम रोज येऊन दारात उभी राहायची. पाचव्या दिवशी मला तिची दया आली. लहानपणापासून एका फणीनं केस विंचरलेल्या मुली आम्ही, किती दिवस धरून ठेवणार? आम्ही मिठागराच्या बांधावर फिरायला गेलो. खाडीचं पाणी नुकतंच आत घेतलेलं, वाफ्यांत आभाळ दिसत होतं. भरतीचा वास होता. तिनं परकराच्या ओच्यातून बोरं आणली होती. बोरं खाता खाता मी तिला सगळा बेत सांगितला. दुसऱ्या कुणालाच सांगितला नव्हता, दळवींनाही नाही. ती दचकली, मग तिनं माझा हात घट्ट धरला. "कर शाले. झकास होईल. मी विंगेतच उभी असेन, तुला धीर यायला." मला वाटलं, गेलेलं सगळं परत आलं.

घाटकोपरच्या मांडवात ऊन तिरकं येत होतं आणि खुर्च्या भरलेल्या होत्या. दुसऱ्या अंकात मी पाहिलं, अण्णा आले होते. तिसऱ्या रांगेत, टोपी मांडीवर. चौथ्या अंकाला मी आत गेले. भीती कसली ती नव्हती. दळवी डावीकडे, स्वगत गेलं तरी त्यांच्या कमरेला तो लाकडी शिक्का शेल्याखाली सवयीनं बांधलेला मला ठाऊक होता. पुष्कळ वर्षांनी मी विचार केला की त्या क्षणी मी राणी नव्हते, शालूही नव्हते, मी एका वाक्याची वाट बघणारी कुणीतरी होते. नक्कलीतल्या त्या तीन शब्दांची. ते कानावर पडल्याशिवाय नटाला तोंड उघडता येत नाही. ही सवय हाडांत इतकी भिनलेली असते की ते आपल्याला त्या वेळी कळतसुद्धा नाही.

टिपणीस सिंहासनावरून उठले. एक पायरी उतरले. मी श्वास घेतला.

"राणी," ते म्हणाले, "तुला काही विचारण्याची आता आम्हाला इच्छा उरली नाही. घेऊन जा हिला."

मी तशीच उभी राहिले. हात अर्धा उचललेला. प्रश्नच नव्हता, तर उत्तर कशाचं देणार? राणीचं मौन निदान तिचं स्वतःचं होतं. दोन्हीकडून शिपाई आले, त्यांनी माझे दंड धरले, लोक ओरडायला लागले. "महाराज," एवढंच मी म्हटलं, आणि तेही गलक्यात बुडालं. तिसऱ्या रांगेत अण्णा टोपी डोक्यावर ठेवून उठताना दिसले.

शिपायांनी मला विंगेकडे वळवलं. तिथे कुसुम उभी होती, कबूल केल्याप्रमाणे. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ती टिपणीसांकडे बघत होती. टिपणीस सिंहासनाकडे परत जात पुढचं नवं वाक्य म्हणत होते, आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. शब्दन् शब्द तिला पाठ होता.